हिकमत आणि सावड



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, असा रिवाज चालत आला आहे. तो मोडून चालकांनी यंदा आम्हांला येथे उभे केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गेटसभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात व वाचनालयाच्या बाकावर पुष्कळ झाले. शहापूर तालुक्यातले वीटभट्टीवरचे मजूर, आसनगाव-वाशिंदकडचे कारखान्यातले कामगार, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतली कंत्राटी पोरे, यांच्यात आमची वर्षे गेली. तेव्हा ‘हॅकिंगचा खरा अर्थ आणि हौशी मंडळींचा शिष्टाचार’ हा विषय आम्ही निवडला, हे पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. हा विषय संगणकवाल्यांचा, कामगार कार्यकर्त्याचा त्याच्याशी काय संबंध? तो संबंध कसा आहे आणि किती जवळचा आहे, एवढेच सांगण्याचा आजचा बेत आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एक तक्रार वरचेवर येते. मजूर सांगतो, “भाऊ, माझे खाते हॅक झाले.” त्याच्या बँकेच्या खात्यातून महिनाभराची मजुरी गेलेली असते. आम्ही त्याला पाणी देतो आणि काय घडले ते पहिल्यापासून सांगायला लावतो. मग कळते की, फोन आला. समोरचा गोड बोलला. बँकेचा साहेब असल्याची त्याने बतावणी केली. मोबाईलवर आलेले आकडे विचारले, आणि याने ते सांगितले. आता यात कोणते यंत्र उघडले गेले? कोणती विद्या खर्ची पडली? जत्रेत तीन पत्ते मांडून बसणारा जी विद्या वापरतो, तीच येथे फोनवरून वापरली गेली. याला आपल्या भाषेत ठकबाजी हा चांगला जुना शब्द आहे. तो टाकून आपण ‘हॅकिंग’ म्हणतो आणि त्यामुळे तीन नुकसाने करून घेतो.

पहिले नुकसान असे की, ठकाला विद्वानाचा मान मिळतो. दुसरे असे की, ज्याचे पैसे गेले तो माणूस ही काही अगम्य, दैवी आपत्ती आहे असे समजून हात जोडून बसतो. वस्तुतः १९३० या क्रमांकावर त्याने ताबडतोब तक्रार नोंदवली, तर पैसे मधल्या मध्ये अडवले जाण्याची आशा असते. पण दैवाविरुद्ध कोण तक्रार करतो? तिसरे नुकसान सर्वांत मोठे आहे. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर एक मुलगा बंद पडलेले मोबाईल उघडून बसतो. बारीक पेचकस, जुना ब्रश आणि कोणीतरी टाकून दिलेले भिंग, एवढे त्याचे भांडवल. शेजाऱ्याचे पैसे असेच फोनवरून गेले, तेव्हा लोकांनी सर्वांत आधी या मुलाकडे पाहिले. का? तर “त्याला त्यातले कळते” म्हणून. ज्या समाजात कळणे हाच संशयाचा पुरावा ठरतो, त्या समाजातली पोरे काही कळून घेण्याच्या भानगडीत पडत नाहीत. आणि यंत्र न कळणारा कामगार यंत्राच्या मालकाचा दुप्पट गुलाम होतो, हे आम्ही रोज पाहतो.

शब्दाचा हा घोटाळा एकट्या खेड्यातल्या माणसाने केला, असेही नाही. आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. त्याच्या ६६ व्या कलमाला ‘संगणक यंत्रणेचे हॅकिंग’ असेच नाव दिले होते. २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ती अमलात आली. त्या दुरुस्तीत या कलमातून तो शब्द काढून टाकला आणि ‘संगणकाशी संबंधित अपराध’ असा साधा मथळा घातला. आता कायदा दोन गोष्टी पाहतो. मालकाच्या परवानगीवाचून काम केले काय? आणि ते अप्रामाणिकपणे किंवा लबाडीच्या हेतूने केले काय? म्हणजे यंत्र उघडणे हा गुन्ह्याचा गाभा नसून परवानगी आणि हेतू हा आहे, इतके कायदेपंडितांच्याही ध्यानात आले. आपल्या बाजारपेठेत आणि वर्तमानपत्रांत मात्र जुनाच अर्थ नांदतो आहे.

मग या शब्दाचा मूळ अर्थ काय? त्यासाठी थोडे लांब, अमेरिकेत जावे लागेल; पण जावयाचे आहे ते रेल्वेने, आणि कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या काठावर वाढलेल्या माणसाला त्यात परके काही वाटणार नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी एक हौशी क्लब काढला. मोठ्या मेजावर छोटे रूळ, छोटी स्थानके, छोट्या आगगाड्या मांडायच्या आणि चालवायच्या, हा त्यांचा छंद. काही मुलांना डब्यांना रंग देण्यात गोडी होती, तर काहींना मेजाखालच्या तारांत. सांधा कसा बदलतो, सिग्नल कसा पडतो, एकाच वेळी दोन गाड्या एका रुळावर कशा येऊ द्यायच्या नाहीत, याची सारी करामत टेलिफोनच्या जुन्या सामानातून त्यांनी उभी केली होती.

या क्लबच्या १९५५ सालच्या एप्रिल महिन्यातील सभेच्या इतिवृत्तात ‘हॅकिंग’ हा शब्द यंत्राशी खटपट करणे या अर्थाने आढळतो, आणि त्या अर्थाची ती सर्वांत जुनी ज्ञात नोंद म्हणून दाखवली जाते. आमच्यासारख्या इतिवृत्ते लिहिण्यात जन्म घालवलेल्या माणसाला त्या नोंदीचा मजकूर मोठा गोड वाटतो. एका सभासदाने सभेत विनंती केली की, विजेच्या यंत्रणेवर जो कोणी काम किंवा हॅकिंग करीत असेल, त्याने आधी वीज बंद करावी, म्हणजे फ्यूज उडणार नाही. बस्स, एवढेच. पण नीट पाहा. ज्या वाक्यात हा शब्द प्रथम भेटतो, त्याच वाक्यात शिष्टाचारही आहे. तू खटपट कर, तुला कोणी अडवीत नाही. मात्र तुझ्या खटपटीने दुसऱ्याची गाडी बंद पडू देऊ नकोस. हॅकिंग आणि त्याचा शिष्टाचार ही भावंडे एकाच दिवशी कागदावर आली, असे म्हटले तरी चालेल.

याच मुलांना पुढे त्या संस्थेतल्या संगणकांवर काम करण्याची संधी मिळाली. दिवसा प्राध्यापकांचे काम चाले, म्हणून ही मंडळी रात्री बसत. आज्ञावली त्या काळी कागदाच्या फितीवर भोके पाडून लिहीत. लिहून झालेल्या फिती ही मुले संगणकाजवळच्या खणात ठेवून देत. ज्याला हवी त्याने ती घ्यावी, चालवून पाहावी, सुधारावी आणि सुधारलेली पुन्हा खणात ठेवावी. त्या खणाला कुलूप नव्हते.

पण सत्य सांगायचे तर पुरते सांगितले पाहिजे. त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने १९६३ सालच्या नोव्हेंबरात टेलिफोनशी हॅकिंग करणाऱ्या मुलांची बातमी छापली होती. ही मुले टेलिफोनच्या तारा अडवून ठेवीत आणि फुकट दूरचे फोन करीत. म्हणजे शब्दाचा वाईट अर्थही त्याच घरात लवकरच जन्मला. पुढे इंटरनेटच्या तंत्रज्ञांनी १९९३ साली एक शब्दसूची काढली, तीत दोन शब्द वेगळे केले. यंत्रणेचे अंतरंग जाणून घेण्यात ज्याला आनंद वाटतो तो हॅकर, आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत घुसतो तो क्रॅकर. सूची निघाली, पण जगाने ती वाचली नाही.

मराठीत या चांगल्या अर्थाला शब्द नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. ‘हिकमत’ हा शब्द आपल्याकडे आहे. हिकमती माणूस म्हणजे अडलेले काम हाताशी असलेल्या सामानातून आणि डोक्यातून सोडवणारा. या हिकमतीला शाळेचे रूप देणारा माणूसही महाराष्ट्रात झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे परदेशात शिकलेले आणि मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेल्या, शाळा सोडलेल्या मुलांनी लोखंड जोडावे, वीज भरावी, जमीन मोजावी, आणि ते करता करता विज्ञान शिकावे, अशी ती रीत. ज्या मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत खेळण्यांच्या गाड्यांखाली हा शब्द रुजला, तिनेच २००२ साली अमेरिकेबाहेरची आपली पहिली ‘फॅब लॅब’, म्हणजे मनात येईल ते घडवून पाहण्याची कर्मशाळा, याच पाबळमध्ये उभारण्यास हात दिला. बोस्टनची हिकमत आणि पाबळची हिकमत यांची सोयरीक अशी जुळली.

आता शिष्टाचाराकडे वळू. शिष्टाचार म्हटला की ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ यांची माळ, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तो अर्थ अपुरा वाटतो. आमच्या भागातील एका कारखान्यात घडलेली गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. रात्रपाळीत एक यंत्र बंद पडले. कंपनीचा तंत्रज्ञ सकाळशिवाय येणार नव्हता. एका फिटरने यंत्राची पेटी उघडली, सैल झालेली जोडणी शोधली आणि यंत्र चालू केले. दुसऱ्या दिवशी त्याला शाबासकी मिळण्याऐवजी यंत्राशी छेडछाड केल्याचा ठपका ठेवून निलंबित करण्यात आले. चौकशीत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलो आणि त्याला तीन प्रश्न विचारले. पेटी उघडण्यापूर्वी वीज बंद केली होती काय? केली होती, दोघे साक्षीदार होते. पर्यवेक्षकाला सांगितले होते काय? सांगितले होते, नोंदवहीत त्याची सही होती. काय केले ते लिहून ठेवले काय? ठेवले होते, आकृती काढून. या तीन उत्तरांवर तो माणूस कामावर परत आला. तेव्हा हा शिष्टाचार म्हणजे वरवरची नम्रता नव्हे. दुसऱ्याच्या जिवाची काळजी, दुसऱ्याच्या अधिकाराची दखल आणि मागून येणाऱ्याची सोय, या तीन गोष्टी त्यात आहेत. त्या फिटरचे बोलणे फार मृदू होते, अशी आमची आठवण नाही.

जगभरची हौशी मंडळी आज एकमेकांचे तोंड न पाहता एकत्र काम करतात. कोणी आज्ञावली लिहितो, कोणी ज्ञानकोशात लेख लिहितो, कोणी नकाशे भरतो. या कामाला मस्टर नाही, पगारपत्रक नाही. मग ते चालते कशावर? आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. ते सावडीवर चालते. आवणीच्या दिवसांत पाऊस कोणासाठी थांबत नाही. मजूर लावण्याची ऐपत सर्वांची नसते. तेव्हा आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. पैसा फिरत नाही, पण हिशेब चोख असतो. तो कागदावर नसला तरी साऱ्या गावाच्या डोक्यात असतो. सावडीला येतो म्हणून जो आला नाही, त्याच्या खाचरात पुढच्या वर्षी कोणी उतरत नाही.

हौशी मंडळींच्या शिष्टाचाराचे जेवढे म्हणून नियम आहेत, ते सावडीच्या नजरेने पाहिले की आपोआप उलगडतात. विचारण्यापूर्वी स्वतः शोधावे, हा पहिला नियम. का? तर उत्तर देणारा आपल्या झोपेतला तास काढून देतो आहे. जे पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे त्यासाठी तो तास मागू नये. प्रश्न विचारताना आपण काय करून पाहिले ते सांगावे, हा दुसरा. म्हणजे सावडीला येताना आपले इरले आपण आणावे, तसे. उत्तर मिळाले आणि अडचण सुटली, तर कशी सुटली ते परत येऊन सांगावे, हा तिसरा. कारण तीच अडचण घेऊन उद्या दुसरा येणार आहे. ज्याचे काम घेतले त्याचे नाव लावावे, हा चौथा. दुसऱ्याच्या घामावर आपले नाव कोरणाऱ्याला काय म्हणतात, ते कामगारांना सांगायला नको.

हे नियम संगणकाच्या आधीपासूनचे आहेत. हौशी रेडिओवाले, ज्यांना ‘हॅम’ म्हणतात, ते सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतात आणि आपल्या संचावरून जगाशी बोलतात. त्यांचा पहिला धडा बोलण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. लहरीवर आधीच कोणी बोलत नाही ना, हे ऐकून घ्यायचे, मग आपली परवान्याची खूण सांगायची आणि मग बोलायचे. त्या लहरींवर धंदा करायचा नाही. त्यांच्यासाठी पॉल सीगल या अमेरिकन हौशाने १९२८ साली एक आचारसंहिता लिहिली. दुसऱ्याच्या आनंदात आपण अडथळा होऊ नये, हा तिचा पहिलाच दंडक आहे. हवा सर्वांची आहे म्हणूनच ती जपून वापरायची, हे त्या लोकांना जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

येथे कोणी विचारील की, तुम्ही संघटनेची माणसे फुकटच्या श्रमाचे गोडवे कसे गाता? प्रश्न रास्त आहे, आणि तो जुना आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजात हौशी संगणकवाल्यांचा ‘होमब्रू’ क्लब सुरू झाला. ही मंडळी एकमेकांना आज्ञावलींच्या प्रती खुशाल देत. त्यांत एका तरुण कंपनीने विकायला काढलेली ‘बेसिक’ भाषेची आज्ञावलीही होती. तिचा एक कर्ता बिल गेट्स. त्याने ३ फेब्रुवारी १९७६ रोजी हौशी मंडळींना उघडे पत्र लिहिले आणि तुमच्यापैकी बहुतेकजण आमचा माल चोरता, असे स्पष्ट सुनावले. फुकटात असले काम कोणाला परवडेल, असा त्याचा सवाल होता.

आम्हांला हा सवाल हसण्यावारी नेता येत नाही. श्रमाचे मोल मागणे हेच तर आमचे काम. ज्याने आपल्या मालाची किंमत सांगितली आहे, त्याचा माल त्याच्या संमतीवाचून वाटणे ही हिकमत नव्हे आणि सावडही नव्हे. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडू. ती ‘बेसिक’ भाषा मुळात कोणाची? डार्टमथ महाविद्यालयातील केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी १९६४ साली ती विद्यार्थ्यांसाठी घडवली होती. म्हणजे विकणाऱ्याचे पीकही कोणीतरी आधी पेरलेल्या बियाण्याचेच होते. नव्या श्रमाचे मोल मिळावे हे खरे. पण जुन्या, सर्वांच्या श्रमावर कुंपण घालता येऊ नये हेही तितकेच खरे. या दोहोंची सांगड कशी घालायची?

याचे उत्तर आपल्या डोंगरात आहे. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले, हे येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण भाईंनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, हे तितके सांगितले जात नाही. धान्यकोठीचा रिवाज साधा असतो. अडीनडीला कोठीतून धान्य न्यावे, पीक आले की परत घालावे, थोडी वाढ घालून. त्यामुळे सावकाराचे दार चढावे लागत नाही आणि कोठीही रिती होत नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन हॅकरने १९८३ साली मुक्त आज्ञावलींची चळवळ जाहीर केली आणि १९८९ साली तिचा परवाना कायदेशीर भाषेत लिहून काढला. त्या परवान्याचा गाभा धान्यकोठीचाच आहे. घ्या, वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, हवे तर विकाही. मात्र बदललेले दुसऱ्याला द्याल तेव्हा तेही उघडेच द्या. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चे काम जाहीर केले, तेव्हा हा आपला केवळ छंद आहे, असे त्याने सांगितले होते. पुढे त्याने याच परवान्याखाली ते सर्वांना खुले केले. आज शहापूरच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात ते लिनक्स आहे. आपल्या खिशात काय आहे ते पाहा. त्यात पगार न घेतलेल्या पुष्कळ हातांचे काम आहे.

हा शिष्टाचार मोडला तर काय होते? अगदी अलीकडची गोष्ट आहे. ‘एक्सझेड’ नावाची माहिती दाबून लहान करण्याची एक आज्ञावली आहे. जगातल्या असंख्य संगणकांत ती असते. तिचा सांभाळ एक माणूस फावल्या वेळात, बिनपगारी करीत होता. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्याच्यावर टोचणी लावली. काम का होत नाही? तुम्हांला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्या माणसाने प्रकृतीची अडचण सांगितली, हा आपला बिनपगारी छंद आहे असेही सांगितले. त्याच वेळी टोपणनावाचा एक मदतनीस पुढे आला. तो नियमाने काम करी आणि त्याचे बोलणे सभ्य असे. दमलेल्या माणसाने हळूहळू त्याच्या हाती किल्ल्या दिल्या. २०२४ सालच्या फेब्रुवारीत त्या मदतनिसाने नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसवून दिला. तो सर्वत्र पोचता, तर जगातले कितीतरी संगणक एका अज्ञात हाताच्या ताब्यात गेले असते.

तो पकडला कोणी? अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्याने सोडून दिले असते. याने उघडून पाहिले, मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी जे सापडले ते जगासमोर मांडले. घुसला तो क्रॅकर, आणि उघडून पाहून सांगितले तो हॅकर. दोन्ही शब्दांचा अर्थ एकाच घटनेत इतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

आम्हांला मात्र या कथेत त्या दमलेल्या माणसाचे दुःख अधिक लागते. त्याच्यावर टोचणी लावणाऱ्यांनी त्या कामात कधी हात घातला नव्हता. सावडीला कधी न आलेली माणसे बांधावर उभी राहून “अजून आवणी उरकली नाही काय?” म्हणून ओरडत होती. आणि त्याच्या आज्ञावलीवर कोट्यवधींचा धंदा चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी कोणालाही, कोठी भरणारा हा माणूस जेवला काय, असे विचारावेसे वाटले नाही. गोड बोलणारा चोर त्या पोकळीतून आत आला. तेव्हा शिष्टाचार हा जिभेवर मोजायचा नसतो. कोण किती नेतो आणि कोण किती परत घालतो, यावर तो मोजायचा असतो. जेथे हा हिशेब सुटतो, तेथे सभ्य भाषाही फसवणुकीचे हत्यार होते.

आता दुसरी बाजू. जाणकारांनीही एक पथ्य पाळले पाहिजे. कळलेली माणसे कधी कधी न कळलेल्यांवर असे तुटून पडतात की, नवखा पुन्हा तोंड उघडत नाही. “आधी वाचून ये” हे वाक्य शिकवण्यासाठीही बोलता येते आणि हाकलण्यासाठीही. आमच्या बैठकांत आम्ही पाहिले आहे की, पहिल्यांदा बोलायला उठलेल्या कामगाराला कोणी हसले, तर त्याच्याबरोबर आणखी दहाजण गप्प होतात. बायांच्या बाबतीत तर हमखास. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे कुळाला कळत नव्हते, म्हणून सावकारी चालली. ज्ञान जवळ ठेवून नवख्याला हिणवणारा जाणकार हा त्याच सावकाराचा नवा अवतार आहे, मग त्याची आज्ञावली कितीही मुक्त असो. विकिपीडियाने नवख्यांवर तुटून पडू नये, असा संकेत लिहूनच ठेवला आहे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा आणि कामगार दिनाचाही. हा योग आम्हांला आवडतो. बिनपगारी हातांनी आपल्या भाषेत उभारलेली ती एक कोठीच आहे. आपल्या गावची, किल्ल्याची, भातांच्या वाणांची माहिती तेथे घालायला कोणाची हरकत नाही.

शेवटी, करायचे काय ते सांगतो, कारण नुसते व्याख्यान ऐकून घरी जाणे आमच्या प्रकृतीला मानवत नाही. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे वाचनालये आहेत. बाजाराच्या दिवशी तेथे दोन तास एक मेज रिकामे मिळावे. बंद पडलेले मोबाईल, पंखे, हजेरीची जुनी यंत्रे, ज्याची जी वस्तू असेल ती त्याने आपखुशीने आणावी आणि मुलामुलींनी ती त्याच्यासमोर उघडावी. मेजावर एक वही असावी. काय बिघडले होते आणि कसे दुरुस्त झाले, ते तीत मराठीत लिहावे, करणाऱ्याच्या नावासह. वहीच्या पहिल्या पानावर चारच नियम असावेत. ज्याची वस्तू त्याची परवानगी घ्या. उघडण्यापूर्वी वीज बंद करा. सापडले ते लिहून ठेवा. नवख्याला हसू नका.

यातून काय साधेल? मोठी क्रांती होईल असे आम्ही म्हणत नाही. पण उद्या कंत्राटदार म्हणेल की यंत्रात तुझी हजेरी बावीस दिवसांचीच आहे, तेव्हा रीतसर मागणी करून त्या यंत्राची नोंद वाचून दाखवील असा एक मुलगा, एक मुलगी आपल्या पाड्यावर असेल. आणि पाड्यावरच्या कोणाचे पैसे ठकाने नेले, तर लोक त्या मुलाकडे संशयाने पाहणार नाहीत. त्याच्याकडे मदत मागायला जातील. सव्वीस दिवस राबलेल्या माणसाला सव्वीस दिवसांची मजुरी मिळणे, हा आमच्या लेखी या साऱ्या विषयाचा शेवटचा अर्थ आहे.